झोपाळ्याची गादी

गेल्या वर्षी गच्चीतल्या झोपाळ्यासाठी मी स्वतःच्या हाताने गादी शिवली होती. ज्यांनी तेव्हा फोटो पाहून कौतुक केलं, त्यांना आता खरं सांगून टाकतो. ती गादी गणपतीपर्यंतसुद्धा टिकली नाही.

कापड छान होतं. जाड, सुती, निळं, पेठेतल्या दुकानात हात लावून लावून निवडलेलं. आत तीन इंची फोम. दोन रविवार घालवले, टीप पाचदा उसवली, शेवटी एकदाची चेन बसली आणि मी चहाचा कप घेऊन स्वतःच्याच गादीवर जाऊन बसलो. फार खूश होतो. जून गेला. जुलैत गादी उचलली तर खालून पाणी गळायला लागलं. गच्चीवर पत्रा आहे, पण पाऊस काय सरळच पडतो थोडाच. ऑगस्टमध्ये तिला कुबट वास यायला लागला, निळ्यावर काळे ठिपके आले. आणि एका संध्याकाळी आई बसली तेव्हा कडेची शिवण टर्रकन गेली. कापड फाटलं नाही. दोराच संपला होता.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून जमिनीवर बसणं बंद. झोपाळा मात्र तिला सोडवत नाही. म्हणून मी तो दोन्ही बाजूंनी कठड्याला दोरीने जखडून टाकलाय. हलत नाही, नावापुरता झोपाळा. उंची खुर्चीइतकी आहे, तेव्हा डॉक्टरही काही बोलले नाहीत. पण नुसती फळी तिला पाच मिनिटांत टोचायला लागते. म्हणजे गादी ही आमच्याकडे शोभेची वस्तू नाही. गादी नसली की आई संध्याकाळी आत टीव्हीसमोर बसते आणि रस्त्यावरच्या सगळ्या येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी बंद पडते.

निळी गादी टाकायला निघालो तेव्हा ती म्हणाली, "अरे, जुनी उसवून बघ की आधी. आतून कशी केलीये ते बघ, मग शिव."

जुनी म्हणजे चिपळूणच्या घरातली, पडवीतल्या झोपाळ्याची. झोपाळाही तोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला सगळा पाण्यात गेला. चिखल उपसायला आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्यांचे ढीग लागले होते. कापसाची भिजलेली गादी किती जड होते ते उचलल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरातून सात निघाल्या, एकेकीला चार माणसं लागली. त्यातली एकही वाचली नाही. झोपाळा सागवानी, तो धुऊन, सुकवून, तेल पाजल्यावर पुन्हा उभा राहिला. आणि त्याची गादी वाचली, कारण काकूने ती मे महिन्यातच प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकली होती. दर वर्षी टाकायची तशी. पुढच्या वर्षी घर विकलं, झोपाळा आणि गादी माझ्याकडे आली. त्या घरातली मऊ म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू आता उरली आहे. ती ब्लेडने उसवायची म्हणजे माझा हात धजेना. शेवटी आईनेच गच्चीत पेपर पसरायला लावले आणि चष्मा लावून समोर बसली.

वरचा थर रेक्झिनचा. चॉकलेटी, तडे गेलेला, हात लावला की खपल्या निघणारा. "हे तुझ्या मुंजीच्या वर्षी," आई म्हणाली. म्हणजे १९८४. बाजारपेठेतल्या शिंप्याकडून घातलेलं, पाहुणे यायचे म्हणून. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचं नाव, मँचेस्टरजवळ हाइड नावाच्या गावात तो तयार व्हायचा. कापडावर सेल्युलोजचा लेप देऊन केलेलं खोटं चामडं. आगगाडीच्या डब्यांत आणि मोटारींत ते वापरलं गेलं. आपल्याकडे मात्र नंतर पीव्हीसीचा लेप दिलेल्या कुठल्याही कापडाला रेक्झिनच म्हणतात, रिक्षाच्या सीटपासून दवाखान्यातल्या बाकापर्यंत. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घालतात. उन्हाने ते हळूहळू उडून जातं आणि मग तडे पडतात. पाणी आत जाऊ नये म्हणून रेक्झिन घालायचं, तर शिवणीच्या भोकांतून पाणी जातंच, आणि एकदा गेलं की बाहेर पडायला वाट नाही. माझ्या मते बाहेरच्या बैठकीसाठी याच्याइतकं वाईट कापड नाही. उन्हात तापलेल्या रेक्झिनवर हाफ पँट घालून बसलेल्या कोणालाही विचारा.

त्याखाली निघाला कॅनव्हास. पांढऱ्यावर हिरवे पट्टे, पांढरा आता चहाच्या रंगाचा झालेला. हे कापड मी आधी कधीच पाहिलेलं नव्हतं. आई म्हणाली, ती १९६९ मध्ये लग्न होऊन आली तेव्हा गादीला हेच होतं. शिवण मशीनची, सरळ, एकसारखी, आजीच्या हातची. आजीचं हातमशीन आता माझ्याकडे आहे. निळी गादीही मी त्याच्यावरच शिवली होती.

या मशीनवरून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९२४ मध्ये शांतिनिकेतनातून आलेल्या जी. रामचंद्रन या तरुणाने गांधीजींना विचारलं होतं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. गांधीजींनी अपवाद म्हणून नाव घेतलं ते शिलाई मशीनचं. सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालत शिणताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र केलं, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. रामचंद्रनही हुशार. तो म्हणाला, मग ही मशीनं बनवायला कारखाने लागतील, त्यांचं काय. तर गांधीजी म्हणाले, लागतील, पण ते सरकारच्या ताब्यात असावेत.

गोष्ट गोड आहे, इतिहास जरा निराळा आहे. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्येच मशीन केलं होतं, आणि आपला धंदा बुडणार म्हणून तिथल्या शिंप्यांनी पुढच्याच वर्षी त्याचा कारखाना फोडला. अमेरिकेत एलायस हाऊला १८४६ मध्ये पेटंट मिळालं. सिंगर आला १८५१ मध्ये. त्याच्या बायकोप्रेमाबद्दल न बोललेलं बरं, अनेक बायकांपासून त्याला वीसहून जास्त मुलं होती. पण सिंगरच्या कंपनीने मशीन हप्त्यावर विकायला सुरुवात केली, १८५६ मध्ये, आणि त्यामुळे ते घराघरात गेलं. हे श्रेय द्यायलाच हवं. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्यात उषा मशीन तयार व्हायला लागलं. आजीचं उषाच. आजोबांनी हप्त्याने घेतलेलं. प्रेमापोटी की परकर-पोलक्यांच्या शिलाईचा खर्च वाचावा म्हणून, ते विचारायला आता कोणी नाही.

असो. मशीनच्या टिपेला दोन दोरे लागतात, एक वरचा आणि एक बॉबिनमधला, आणि दोघं एकमेकांना कापडाच्या पोटात अडकवून धरतात. इथेच माझं चुकलं होतं. वरून मी नवं पॉलिएस्टरचं रीळ लावलं होतं, आणि बॉबिन भरली होती आजीच्या डब्यातल्या सुती रिळाने. आजीचा दोरा म्हणून, दुसरं काही कारण नाही. पावसात तो कुजला आणि वरच्या दोऱ्याला धरायला काही उरलं नाही. आईला हे सांगितलं तर ती हसली. "तो दोरा पोलक्यांचा रे."

कॅनव्हास उसवल्यावर निघाला गादीपाट. निळ्या रेघांचं घट्ट विणीचं कापड, कापसाचे तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून मुद्दाम तसं विणलेलं. हा सगळा हाताने शिवलेला, आणि वरपासून खालपर्यंत दाभणाने आरपार घातलेले टाके. हे टाके नसले की कापूस एका बाजूला जमा होतो आणि गादीची बोचकी होते. फळीकडच्या बाजूला गादीपाटावर घोंगडीचा एक तुकडा टाचलेला होता. काळी, खरखरीत धनगरी घोंगडी. लोकर पाणी लगेच आत घेत नाही, थेंब बराच वेळ वरच राहतो. शेतावरची माणसं पावसात तीच दुमडून डोक्यावरून घेतात, आणि त्यालाही खोळच म्हणतात. गादीची खोळ आणि माणसाची खोळ, शब्द एक आणि कामही एकच.

मग कापूस. पिवळा पडलेला, घट्ट झालेला. त्याच्या मधोमध मात्र एक पातळ पिशवी होती आणि तिच्यात वेगळंच काहीतरी होतं, रेशमासारखं सुळसुळीत. पिशवी उघडल्याबरोबर पंख्याच्या वाऱ्याने अर्धं उडालं. आई म्हणाली, "सावर! तोंड बंद कर तिचं."

सावरीचा कापूस. परसात काटेसावर होती, फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी भरायची, आणि उन्हाळ्याच्या शेवटी बोंडं तडकून म्हातारीच्या कापसासारखं सगळ्या अंगणभर व्हायचं. आजी बोंडं तडकायच्या आधी उतरवून घ्यायची. या कापसाचं सूत निघत नाही, तंतू गुळगुळीत असतात, एकमेकांना धरत नाहीत. म्हणून तो फक्त भरायच्या कामाचा. पण त्याच्या तंतूवर मेणासारखा थर असतो आणि आत नळीसारखी पोकळी. पाणी धरत नाही, उलट तरंगतो. त्याची भावंडं म्हणावी अशी पांढरी सावर, कापोक. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बोटीवरच्या जीवरक्षक जाकिटांत कापोकच भरायचे आणि तो मुख्यतः जावाहून यायचा. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिकेत शाळेतल्या मुलांना रानात पाठवून मिल्कवीडची बोंडं गोळा करायला लावली होती. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच घराण्यातलं झाड. शनिवारी मारुतीला घालतो त्या रुईच्या म्हाताऱ्या आठवतात ना, तसलंच.

तर मला वाटलं, सापडलं उत्तर. आजीने पाण्याचा विचार करून सावर भरली, घोंगडी लावली, म्हणून गादी टिकली. मी मोठ्या उत्साहाने आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "सावर मऊ म्हणून घातली असेल. आणि पाण्याचा प्रश्नच कुठे होता? गादी बाहेर राहायचीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी केर काढून झाला की बाहेर घालायची, दिवेलागणीला आत आणायची. आठवड्यातून एकदा ऊन द्यायचं, दोन्ही बाजूंनी, आणि काठीने झोडायची. मिरग यायच्या आत माळ्यावर. पावसाळ्यात झोपाळ्यावर नुसती सतरंजी. चाळीस वर्षं टिकली ती काय आपली आपण?"

कोण घालायचं आणि कोण आणायचं, हे मी विचारलं नाही. मला आठवत होतं. म्हणजे खरं तर काहीच आठवत नव्हतं, आणि तेच उत्तर होतं. लहानपणी मी शाळेतून आलो की गादी झोपाळ्यावर असायची. रात्री नसायची. मधे तिचं काय व्हायचं याचा मी कधी विचारच केला नव्हता. आधी आजी, मग आई, मग आम्ही पुण्याला आल्यावर काकू.

उघड्यावर मऊ बसण्याची आपल्याकडे रीतच अशी होती. राजवाड्यात याच कामाला स्वतंत्र खातं होतं. पुण्यात बुधवार पेठेत फरासखाना आहे, आता ते नाव पोलीस ठाण्याचं म्हणूनच लोकांना माहीत आहे. फरास म्हणजे बिछायत घालणारा, तंबू-कनाती, सतरंज्या, गाद्या, लोड-तक्के सांभाळणारा. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत फरासखाना येतो, तोफखाना-नगारखान्याच्या पंक्तीत. बागेत बैठक म्हटली की बिछायत आली, आणि बैठक उठली की ती गुंडाळून कोणीतरी आत नेली. आपण 'गादी' म्हणतो तेव्हा राज्य म्हणतो. वारणेच्या तहाने १७३१ मध्ये सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्यांवर शिक्कामोर्तब झालं, असं आपण शाळेत पाठ केलं. गादीवर कोण बसलं याच्या वंशावळी आहेत. ती उन्हात घालणाऱ्यांच्या कुठून असणार. ज्या घरात फरास नव्हता तिथे सून होती.

आणि पिंजारी होता. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात तो यायचा. धनुकलीच्या तातेवर लाकडी ठोकळ्याचा ठोका पडला की निघणारा तो घुमणारा आवाज, आणि त्या आवाजाबरोबर दगड झालेला कापूस ढगासारखा फुलत जायचा. संध्याकाळपर्यंत त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. त्या धुळीने छातीचं काय होत असेल हे तेव्हा कोणी बोलत नसे. कापसाची गादी अशी पुन्हा पुन्हा नवी करता यायची, हा तिचा मोठा गुण. फोमचं तसं नाही. तो एकदा बसला की बसला.

फोमची सुरुवात तशी रबराची. १९२९ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये डनलॉपच्या लोकांनी रबराचा चीक अंड्यासारखा फेसून त्याची गादी केली. आपल्याकडे कित्येक घरांत अजूनही कुठल्याही फोमच्या गादीला 'डनलॉप'च म्हणतात. आत्ताचा फोम मात्र पॉलियुरेथेनचा. १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायरने ते रसायन शोधलं, आणि १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात आला. स्वस्त, हलका, पिंजारी नको, ऊन द्यायला नको. पण त्याची छिद्रं इतकी बारीक की पाणी शिरलं की आठ-आठ दिवस निघत नाही, आणि उन्हात उघडा पडला की पिवळा होऊन भुगा होतो. तो घरात ठेवायचा माल. मी तो गच्चीत ठेवला.

म्हणजे मला जी वस्तू हवी होती ती आजीने कधी केलीच नव्हती. मला हवी होती रात्रंदिवस बाहेर राहणारी गादी, कारण आई ती आता उचलू शकत नाही आणि मी संध्याकाळी सातच्या आधी घरी नसतो. अशी गादी होते ती अलीकडच्या साठ-सत्तर वर्षांतल्या मालावर.

कापडाचं सांगतो. सुती कापडाची तहान मुळातच मोठी. बरी कोरडी वाटणारी हवा असली तरी १०० ग्रॅम सुताने आठ-साडेआठ ग्रॅम पाणी नुसत्या हवेतून ओढलेलं असतं. पॉलिएस्टरने अर्धा ग्रॅमही नाही. शिवाय कापूस म्हणजे सेल्युलोज, बुरशीचं आवडतं खाणं. दुसरी गोष्ट रंगाची. नेहमीचं कापड आधी विणतात, मग रंगवतात. रंग सफरचंदाच्या सालीसारखा वरवर राहतो आणि उन्हाने उडतो. काही कृत्रिम धाग्यांत मात्र रंग धागा होण्याच्या आधीच त्या चिकट रसायनात मिसळतात, म्हणजे बीट कुठेही कापा, लालच. अ‍ॅक्रिलिकचा धागा ड्यूपाँट कंपनीने १९५० मध्ये बाजारात आणला, आणि १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन नावाच्या गिरणीने असा आतून रंगवलेला अ‍ॅक्रिलिक दुकानांपुढच्या कनातींसाठी काढला. तोपर्यंत कनाती सुती कॅनव्हासच्या असत, आमच्या हिरव्या पट्ट्यांसारख्या. पुढे तेच कापड बोटींवर आणि बागेतल्या खुर्च्यांवर आलं.

हे कापड नवं घ्यायचं तर मीटरचा भाव ऐकून मी दुकानातून परत फिरलो. मग ऑनिंग करणाऱ्या एका माणसाकडे उरलेला तुकडा मिळाला, करडा, एका कडेला डाग असलेला. डाग खाली घेतला.

फोमची गंमत वेगळीच. एक असा फोम असतो ज्याच्या छिद्रांमधले पातळ पापुद्रे वायूचा भडका उडवून जाळून टाकतात, नुसता सांगाडा उरतो. वरून तांब्याभर पाणी ओता, खालून तसंच पडतं. मी फोमवाल्याला हे हातवारे करून समजावत होतो. तो म्हणाला, "साहेब, फिशटँकच्या फिल्टरमध्ये घालतात तो? आधी सांगायचं ना." गादीएवढा मागवायला तीन आठवडे लागले.

शिवताना जे शिकलो ते थोडक्यात, कोणाला करायचं असेल तर. झोपाळा पाच फूट बाय दोन, गादी ५८ इंच बाय २२. शिलाईला चारी बाजूंनी अर्धा इंच, त्याहून जास्त नको. खोळ फोमएवढी किंवा चिमूटभर लहानच हवी, सैल राहिली की खळगे पडतात आणि खळग्यात पाणी साचतं. सुई १८ नंबरची. टीप लांब, बारीक टिपेने कापडाला इतकी भोकं पडतात की ते तिकिटासारखं फाटतं. दोरा वर आणि बॉबिनमध्येही पॉलिएस्टरचाच. नायलॉनचा घेऊ नका, तो ताकदीचा असला तरी उन्हाला टिकत नाही. चेन प्लास्टिकची, धातूची गंजते. आणि खालच्या बाजूला कापडाऐवजी जाळी, म्हणजे आलेलं पाणी निघून जाईल. कडेला गोट घालायचा होता, तर त्यात मी सुती दोरी घालणार तेवढ्यात आई म्हणाली, "ती पाणी पिईल. कपडे वाळत घालायची प्लास्टिकची घाल." मी पुस्तकं वाचून जे शिकलो ते तिला असंच माहीत असतं.

जुन्या गादीचं काय करायचं यावर आमचं जरा वाजलं. मला ती आहे तशी, थरांसकट, शिवून ठेवायची होती. आई म्हणाली, "ठेवून काय करणार? कापूस पिंजून घे, गादीपाट धू, माझ्या खुर्चीला कर." धनुकलीचा पिंजारी काही भेटला नाही, टेंपोवर मशीन लावून फिरणारा एक जण भेटला. पंधरा मिनिटांत काम झालं. कापूस निम्म्यालाच पुरला, बाकीचा धूळ होऊन गेला. सावर मी परत पिशवीत घालून मधोमध ठेवली. टाके आईने घातले, दाभणाने, बसल्या बसल्या, एका दुपारी सहा आणि दुसऱ्या दुपारी सहा. रेक्झिन टाकलं. घोंगडीचा तुकडा आहे.

या वर्षी जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही महिने नवी गादी बाहेर होती. पाऊस थांबला की तासाभरात बसण्याजोगी होते. वास नाही, ठिपके नाहीत. शिवण मी दर रविवारी ओढून बघतो. तरी रोज दिवे लागले की आई आतून हाक मारते, "गादी आत घेतलीस का रे?" आधी मी समजावत होतो. आता सरळ उठून आत घेतो.

एक विचारायचं राहिलं. तो हिरव्या पट्ट्यांचा कॅनव्हास मी धुऊन ठेवलाय, साधारण दीड मीटर चांगला निघाला. आईला तो कुठून आला ते माहीत नाही. एका कडेला पितळी रिंगा बसवल्याच्या खुणा आहेत, म्हणजे आधी ते दुसरंच काहीतरी असणार, आरामखुर्ची किंवा दुकानापुढची कनात. आजोबांच्या दुकानाला तशी कनात होती का? आत्या, काकू, तुमच्यापैकी कोणाला आठवत असेल किंवा १९६९ च्या आधीचा एखादा फोटो असेल तर कळवा. तोपर्यंत कापत नाही.